आकड्यांचे गुरुजी : द. रा. कापरेकर



आपल्या भित्तिपत्रकावर नेहमी थोर माणसांची माहिती येते. कर्मवीर भाऊराव अण्णा, क्रांतिसिंह नाना पाटील, यशवंतराव चव्हाण, यांनी आपल्या सातारा-सांगली भागात मोठे काम केले. त्यांची चित्रे आपल्या वर्गात आहेत. पण गणित करणाऱ्या माणसाची माहिती अजून कुणी लिहिली नव्हती. म्हणून मी लिहितो.

आज मी तुम्हाला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची माहिती सांगणार आहे. ते राजे नव्हते, पुढारी नव्हते. ते शाळेत शिकवणारे गुरुजी होते. तरीपण त्यांनी शोधलेल्या संख्या आज जगात त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. आणि गंमत बघा, त्या शोधायला त्यांना जे गणित लागले ते आपल्या चौथीच्या पुस्तकात आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार. बस, एवढेच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू या गावी झाला. डहाणू मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठी आहे. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. मग वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात पत्रिका मांडायला आकडेमोड करावी लागते. ती बघून छोट्या दत्तात्रयाला आकड्यांची गोडी लागली. दुसरी पोरं खेळात रमायची, हा आकड्यांत रमायचा. हायस्कूलला ते ठाण्याला होते. तिथे ते तासन् तास गणिताची कोडी सोडवत बसत.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्याच्या पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ सालापर्यंत तिथेच शिकवत राहिले. म्हणजे बत्तीस वर्षे एकाच गावात! दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी आकडे, असे त्यांचे चालायचे. ते चांगले शिकवतात म्हणून आसपासच्या कॉलेजांत सुद्धा त्यांना बोलवत. लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले.

आता त्यांनी काय शोधले ते सांगतो. पाटी-पेन्सिल जवळ घ्या, नाहीतर मजा येणार नाही.

पहिली गोष्ट एका लई मोठ्या संख्येची आहे. ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा आकडी संख्या आहे. आधी मला ती वाचताच येईना. आपण कोटीपर्यंत शिकतो, ही तर कोटीच्या कितीतरी पुढे जाते. मग आज्जाला विचारले. आज्जाला जुनी उजळणी तोंडपाठ आहे. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. त्याप्रमाणे ही संख्या अशी वाचायची : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक. वाचताना अजिंक्यतारा चढून पलीकडे उतरल्यासारखे वाटते. एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि परत एकापर्यंत उतरायचे. उलटीकडून वाचली तरी तीच संख्या.

पण ही संख्या कुणी मनाने रचलेली नाही. ती गुणाकारातून आपोआप येते. हे करून बघा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे एक-एक वाढवत नऊ एकांपर्यंत गेले, म्हणजे १११११११११ ला १११११११११ ने गुणले, की आपली सतरा आकडी संख्या येते. असे का होते ते गुरुजींनी फळ्यावर दाखवले. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो :

&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;१११
&nbsp;&nbsp;१११०
१११००

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मग उभी बेरीज करताना पहिल्या घरात एक एकच एकदा येतो, दुसऱ्यात दोनदा, मधल्यात तीनदा, आणि पुढे परत कमी होत जातो. नऊ ओळी मांडल्या की मधल्या घरात नऊ एक येतात. नऊपर्यंत हातचा येत नाही, म्हणून आकडे नीट रांगेत राहतात. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि रांग मोडते. तेव्हा उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. त्यात चढताना आठ दिसतच नाही आणि मध्ये दोन शून्ये शिरतात.

अशा संख्यांना कापरेकरांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. मुंबईपासून तीस मैलांवर आगगाडीचे एक डेम्लो नावाचे स्टेशन होते. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. मला हे फार आवडले. बाकीचे लोक स्टेशनवर गाडीची वाट बघतात. कापरेकर वाट बघताबघता गणित करत होते. त्यासाठी फीही द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट हर्षद संख्यांची. हर्षद म्हणजे आनंद देणारा. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या. जसे १८. एक अधिक आठ म्हणजे नऊ, आणि नऊ दुणे अठरा. तसेच २१ ला तीनाने भाग जातो, म्हणून २१ हर्षद. पण १९ ची बेरीज १०, आणि १० ने १९ ला भाग जात नाही. म्हणून १९ हर्षद नाही.

मग मला वाटले, आपली सतरा आकडी संख्या हर्षद असेल का? तिच्या आकड्यांची बेरीज ८१ येते. ८१ चा पाढा मला येत नाही. पण ८१ म्हणजे नऊ नवे. म्हणून मी तिला आधी नऊने भागले. उत्तर १३७१७४२१०९७३९३६९ आले, बाकी शून्य. त्याला परत नऊने भागले. उत्तर १५२४१५७८९९७१०४१ आले आणि बाकी परत शून्य! म्हणजे ही एवढी मोठी संख्या डेम्लो पण आहे आणि हर्षद पण आहे. पाटीवर जागा पुरली नाही म्हणून हे गणित मी ओसरीवर खडूने केले.

तिसरी गोष्ट कापरेकर संख्यांची. ४५ घ्या. ४५ ला ४५ नेच गुणा. उत्तर २०२५ येते. आता त्याचे मधोमध दोन भाग करा, २० आणि २५. बेरीज करा. परत ४५! तसेच ५५ गुणिले ५५ बरोबर ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. मोठ्या संख्यांत पण हे घडते. ७०३ गुणिले ७०३ बरोबर ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ बरोबर ७०३. संख्या फुटली तरी परत स्वतःकडे येते. यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

चौथी गोष्ट स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. नवीन संख्या तयार होते. जशी २३ पासून २३ अधिक ५ म्हणजे २८ तयार होते. कापरेकरांनी विचार केला, अशी एखादी संख्या असेल का जी कुणापासूनच तयार होत नाही? तर आहेत. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशा. देवळातला देव कुणी घडवलेला नसला की आपण त्याला स्वयंभू म्हणतो, तशा या स्वयंभू संख्या. त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आपल्या नोकरीच्या गावाचे नाव त्यांनी गणितात अमर केले.

हे मी गाड्यांच्या नंबरावर करून बघितले. माझे गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि मामाचे गाव सातारा जिल्ह्यात. सांगलीच्या गाड्यांवर एम.एच. १० असते आणि साताऱ्याच्या गाड्यांवर एम.एच. ११. आता बघा, १० मध्ये एक आणि शून्य मिळवा. ११! म्हणजे सांगलीपासून सातारा तयार झाला. ११ मध्ये दोन मिळवले की १३, तो सोलापूरचा. पुण्याचा १२, त्यात तीन मिळवले की १५, आणि १५ नाशिकचा. कापरेकर पण पुण्याला शिकून नाशिककडे गेले होते. कोल्हापूरचा ९ मात्र कुणापासून तयार होत नाही. तो स्वयंभू. हे मी आमच्या वर्गातल्या कोल्हापूरच्या मुलाला सांगितले तर तो दिवसभर छाती काढून फिरला.

आता सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. ती कापरेकरांनी १९४६ साली शोधली आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितली. कोणतीही चार आकडी संख्या घ्या. फक्त चारही आकडे सारखे नकोत. तिच्या आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या लिहा आणि लहानात लहान संख्या लिहा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे परत तसेच करा. मध्ये शून्य आले तर ते सोडायचे नाही, पुढे लिहायचे. उत्तर तीन आकडी आले तरी पुढे शून्य लावून चार आकडी करायचे.

मद्रासची परिषद १९४९ ची. त्याच साली १ ऑगस्टला सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला. म्हणून मी १९४९ हीच संख्या घेतली :

९९४१ – १४९९ = ८४४२
८४४२ – २४४८ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे करून बघा. ७६४१ – १४६७ = ६१७४. परत तीच! आता कितीही वेळा करा, ६१७४ तिथून हलत नाही. १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले. १९६० घेऊन केले तरी सातव्या वजाबाकीला ६१७४ येते. तुम्ही तुमच्या जन्माचे साल घ्या, एस.टी.चा नंबर घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येणारच. म्हणून तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या. तीन आकडी संख्या घेतली तर असेच ४९५ येते.

सगळ्या वाटा एकाच ठिकाणी कशा जातात, हे पण गुरुजींनी सांगितले. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या. त्यातल्या चारही आकडे सारखे असलेल्या दहा काढल्या की ९९९० उरतात. पण पहिली वजाबाकी केली की उत्तरे फक्त ५४ प्रकारचीच येतात. कारण उत्तर नुसते दोन गोष्टींवर ठरते. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांतला फरक, आणि मधल्या दोन आकड्यांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. १९४९ मध्ये पहिला फरक आठ आणि दुसरा पाच. ७९९२ अधिक ४५० बरोबर ८४४२. तेच उत्तर! जत्रेला चारी बाजूंनी माणसे येतात पण देवळाच्या दारात एकच रांग होते, तसे हे आहे. ९९९ ला आणि ९० ला नऊने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तरालाही नऊने भाग जातो. आपली वजाबाकी बरोबर आली का हे त्यावरून तपासता येते.

६१७४ हर्षद पण आहे बरं का. सहा, एक, सात, चार यांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने भागले की ३४३ येतात. आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७.

मित्रांनो, हे सगळे वाचून तुम्हाला वाटेल की कापरेकरांचा लगेच मोठा सत्कार झाला असेल. पण तसे झाले नाही. पुष्कळ गणिती त्यांना हसले. हा नुसता आकड्यांचा खेळ आहे, यात खरे गणित नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते शाळेतले शिक्षक होते, मोठी पदवी नव्हती, म्हणून त्यांचे कुणी मनावर घेत नव्हते. तेव्हा त्यांनी आपले शोध लहान लहान पुस्तिकांत स्वतः छापले. १९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली त्यांची पत्नी वारली. पेन्शन थोडी होती, ती पुरत नसे. म्हणून म्हातारपणी सुद्धा त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. तरी आकडे त्यांनी सोडले नाहीत. आकड्यांनी पण त्यांना सोडले नाही.

मग १९७५ सालचा मार्च महिना आला. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. ते सायंटिफिक अमेरिकन या मासिकात गणिताच्या गमती लिहीत. ते मासिक देशोदेशी वाचले जाई. त्यांनी त्यात कापरेकरांची आणि त्यांच्या संख्यांची माहिती लिहिली. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर जगातले मोठे मोठे गणिती त्यांच्या संख्यांचा अभ्यास करू लागले. आता संगणकावर सुद्धा त्यांच्या संख्या शोधतात. जे हसत होते त्यांची नावे मला माहीत नाहीत. कापरेकरांचे नाव मात्र साऱ्या जगाला माहीत आहे.

१९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

मी त्यांच्या जन्माच्या सालाच्या वजाबाक्या केल्या आणि मृत्यूच्या सालाच्या पण केल्या. १९०५ चे पहिल्यांदा ९३५१ आले आणि मग ८१७२. १९८६ चे पहिल्यांदाच ८१७२ आले. म्हणजे दोन्ही साले ८१७२ ला भेटतात. तिथून पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४, अशी दोघांची वाट एकच आहे. आणि १९८६ मधून १९०५ वजा केले की ८१ उरतात. आपल्या सतरा आकडी संख्येच्या आकड्यांची बेरीज पण ८१ च होती. हे योगायोगाने झाले असे गुरुजी म्हणाले. पण कापरेकरांना हे कळले असते तर ते नक्की खूश झाले असते.

मला या चरित्रातून एक गोष्ट समजली. गणित मोठ्या पुस्तकातच असते असे नाही. साधी वजाबाकी पण मन लावून, परत परत केली, आणि असे का होते हे स्वतःला विचारले, तर तिच्यात नवीन काहीतरी सापडते. त्याला पाटी लागते, पेन्सिल लागते आणि धीर लागतो. या तिन्ही गोष्टी आपल्या शाळेत आहेत. कुणी हसले तर हसू द्यावे. आपली वजाबाकी पुरी करावी.

आता तुमच्यासाठी एक काम. २९७ ला २९७ ने गुणा. पाच आकडी उत्तर येईल. डावीकडचे दोन आकडे एकीकडे आणि उजवीकडचे तीन आकडे एकीकडे करा, आणि त्यांची बेरीज करा. काय येते ते कागदावर लिहून या भित्तिपत्रकाच्या खाली टाचणीने लावा. नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका.

अशा या आकड्यांच्या गुरुजींना माझे विनम्र अभिवादन.

– इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा